गुणाजीची कड

फार मागची गोष्ट. तेव्हा पाटवेळ गावात रस्ता म्हणजे वाळू होती आणि घड्याळ म्हणजे भरती. घरं थोडी, माड जास्त आणि रापण एकच. त्या रापणीत गुणाजी नावाचा एक माणूस होता. त्याला पाहिलेलं आज कुणी नाही. त्याला पाहिलेल्या माणसालाही पाहिलेलं कुणी उरलं नाही. तरी त्याचं नाव गावातून गेलेलं नाही.

ही गोष्ट सांगायचं काम आमच्या घरात माझ्या थोरल्या भावाचं. तो थांबून थांबून सांगायचा, पोरं तोंडाकडे बघत राहायची. या पावसाळ्यात तो गेला. म्हणून मी सांगतो. मला थांबायला जमत नाही. शाळाही मी चौथीनंतर सोडली. जशी येईल तशी ऐका.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. त्याचा एक दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात राहतो. होडी जाळं सोडत समुद्रात जाते, मासळीला वळसा घालते आणि दुसरा दोर घेऊन परत किनाऱ्याला येते. मग अर्धा गाव या दोरावर, अर्धा त्या दोरावर, आणि ओढायचं. बाया ओढतात, म्हातारे ओढतात, वाटेनं जाणारा पाहुणाही ओढतो. ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा.

हे जाळं एकाचं नसतं. प्रत्येक घर आपापला तुकडा विणतं आणि ते तुकडे कडेला कड लावून शिवतात. तेव्हा कुठं रापण होते. गुणाजीचा तुकडा आणि त्याच्या धाकट्या भावाचा, लुमाजीचा, एकमेकांना लागून होते. अगदी मधोमध, जिथं मासळीचा सगळा भार येतो तिथं.

कुणाला रापणीतून बाहेर पडायचं असलं तर त्याला कुणी अडवत नाही. त्याचा तुकडा त्यानं काढून न्यावा. पण एक रीत आहे. तुकडा काढला की मागं ज्या दोन कडा मोकळ्या राहतात, त्या जाणाऱ्यानं स्वतः एकमेकींना शिवायच्या आणि मग जायचं. भांडण किती का मोठं असेना, जाळं उघडं टाकून जायचं नाही.

गुणाजी आणि लुमाजी यांचे आईबाप लवकर गेले. लुमाजीला गुणाजीनंच वाढवलं. त्याला पोहायला कसं शिकवलं, तर पाठीवर घ्यायचा, खोल पाण्यात न्यायचा आणि आपण बुडी मारायचा. लुमाजी बोंब ठोकत हातपाय मारायचा आणि वर आलेला गुणाजी त्याला म्हणायचा, "बोंब कमी मार, पाय जास्ती मार." असं करत करत लुमाजी मासा झाला.

पण लुमाजीला दम धरवत नसे. पेज निवायच्या आत प्यायचा आणि तोंड भाजलं की पेजेलाच शिव्या घालायचा. भांडण सुरू व्हायच्या आत हात उचलायचा. मनानं वाईट नव्हता. हात आधी जायचा आणि डोकं मागनं यायचं, एवढंच.

गुणाजीचं उलट. तो तासन्‌तास गुडघाभर पाण्यात उभा राहायचा. वाकून पाण्यात एक कान घालायचा आणि मासळी ऐकायचा. पेडवे बारीक बोलतात आणि बांगडे जाड बोलतात, आणि गुणाजीला दोघांचं कळायचं, असं म्हणतात.

ओढणं सुरू झालं की गुणाजी पाण्यात असायचा. जाळ्याच्या मागून पोहत यायचं हे त्याचं काम. कुठं जाळं खडकाला अडकलं तर बुडी मारून सोडवायचं. सोडवायला वेळ लागणार असला की तो पाण्याबाहेर एक हात वर करायचा. हात दिसला की किनाऱ्यावर ओढणं बंद. हात दिसला नाही तर सगळं ठीक आहे, ओढत राहा. वाऱ्यात आवाज पोचत नाही, म्हणून ही खूण. बापजाद्यांपासून चालत आलेली. ती कधी चुकेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

एका वर्षी खाडीचं खारं पाणी भातात शिरलं. उभं पीक जळून गेलं. घराघरात कणगरं, म्हणजे रानातले कंद, उकडून खायची वेळ आली. डोंगरातली कणगरंही संपत आली. दर्यातसुद्धा काही नव्हतं. रापण ओढून आणायची आणि आत बघायचं तर शेवाळ आणि एखादा खेकडा. दोरावर गाणं म्हणणारा बाबल्या आजो, त्याला कशातही हसू सापडायचं. तो म्हणायचा, "खेकडो तरी आमका बघूक इलो. ह्या वर्षी सोयरे पण येनत नाय."

मग एका सकाळी गुणाजीनं पाण्यातून कान काढला आणि म्हणाला, "इलेत."

पेडव्यांचा थवा आला होता. होडी पाण्यात गेली. होडीत जाळं सोडायला लुमाजी होता. गुणाजी किनाऱ्यावरच्या उंचवट्यावर हातात पंचा घेऊन उभा राहिला. थवा आत वळला की तो पंचा हलवणार आणि मग लुमाजीनं जाळं सोडायचं. थवा वळत होता. हळूहळू वळत होता. सगळा गाव श्वास धरून होता. आणि लुमाजीला दम निघाला नाही. पंचा हलायच्या आधीच त्यानं जाळं टाकलं. पाण्यात धप्प आवाज झाला, थवा बिचकला, खाली गेला आणि निघून गेला.

होडी परत आली. सगळा गाव तिथंच उभा होता. लुमाजी उतरला. गुणाजी त्याच्याजवळ गेला आणि त्यानं त्याच्या थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा.

"तुका होडी गावली म्हणान दर्या गावलो नाय," गुणाजी म्हणाला.

लुमाजी गालावर हात ठेवून बघत राहिला. "मारलंस? सगळ्यांच्या म्होरं मारलंस?"

गुणाजी काही बोलला नाही. बोलायला हवं होतं. एक शब्द बोलला असता तरी चाललं असतं, असं म्हणतात.

दुपारी जाळं वाळूत वाळत पडलं होतं आणि माणसं घरी गेली होती. गुणाजी एका माडाखाली वल्हं तासत बसला होता. लुमाजी सुरी घेऊन आला.

"माझां जाळां माका व्हयां."

गुणाजीनं वर पाहिलं नाही. "तुझां तां तुझां. घेवन जा."

लुमाजी जाळ्यापाशी बसला आणि त्यानं आपला तुकडा कापून मोकळा केला. मागं राहिलेल्या दोन तुकड्यांच्या काठाचे दोर, वरचा वरच्याला आणि खालचा खालच्याला, अशा दोन गाठींनी बांधले. त्यामुळे लांबून जाळं अखंड दिसत होतं. आता मधल्या कडा शिवायच्या राहिल्या. एक कड गुणाजीच्या तुकड्याची आणि दुसरी बाबल्या आजोच्या.

कड शिवायला दोघं बरी. एकानं कडा ताणून धरायच्या आणि दुसऱ्यानं टाके घालायचे. एकट्याला करायचं तर एक टोक पायाच्या अंगठ्यात धरावं लागतं आणि फार वेळ जातो. या दोघांनी आजवर प्रत्येक कड मिळून शिवली होती. गुणाजी धरायचा, लुमाजी टाके घालायचा.

लुमाजी सुई हातात घेऊन बसून राहिला. दादा उठून येईल आणि कड धरील, अशी वाट बघत. तिकडे गुणाजी वल्हं तासत राहिला. लुमा हाक मारील म्हणून. तासायला काही उरलं नव्हतं तरी तासत होता. याची वाट तो बघतो आणि त्याची हा. मधे वाळू होती, एवढंच अंतर. शेवटी गुणाजीला वाटलं, मी इथं बसलोय म्हणून हा संकोचतोय. तो वल्हं ठेवून घराकडे गेला.

लुमाजीनं त्याची पाठ बघितली. सुई वाळूत फेकली, तुकडा खांद्यावर टाकला आणि चालू लागला. कडा तशाच राहिल्या.

इथं आलो की मला लुमाजीचा फार राग येतो. अरे, एक कड! अंगठ्यात धरून शिवायची होतीस. पण गावात कुणी लुमाजीला शिव्या घातल्या तर तेही मला सहन होत नाही. मागच्या महिन्यात एकानं घातल्या, तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो. धाकट्यांचं धाकट्यांनाच कळतं.

पाटवेळच्या टोकाला खडकाचं एक उंच नाक समुद्रात गेलेलं आहे. लुमाजी तिथं जाऊन बसला, मासे धरायची गरी टाकून. त्याला वाटत होतं, संध्याकाळी दादा येईल. पेजेचं मडकं घेऊन येईल आणि म्हणेल, चल घरी. घरी सुंदरावयनीनं, म्हणजे गुणाजीच्या बायकोनं, लुमाजीचं ताट वाढून झाकून ठेवलं होतं.

"भावजींका बोलवन हाडा," ती गुणाजीला म्हणाली.

"येतलो तो. राग निवलो की येतलो. आता गेलंय तर आणखी पेटतलो."

कुणीच कुणाला बोलवायला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मासळी आली. आणि कशी आली! आदल्या दिवशीचा थवा म्हणजे तिची नुसती वर्दी होती. दर्याचा रंग तांबूस काळा झाला. वारा नसताना पाणी उकळल्यासारखं हलू लागलं. पाखरांनी ऊन झाकलं. पेडवे आपणहून वाळूत उड्या मारत होते आणि कुत्री त्यांना हुंगून मागं सरकत होती, कारण इतकं खाणं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. असं म्हणतात.

गाव धावत आला. जाळं उचलून होडीत भरू लागले. बाबल्या आजो गुणाजीला म्हणाला, "लुमान कड शिवल्यान काय रे? बघूया एकदा?"

गुणाजी म्हणाला, "आजा, लुमा माझो भाव. कड उघडी टाकून जातलो काय तो? तुमी बघलात तर माझी लाज काढल्यासारख्यां होतलां."

मग कुणी पाहिलं नाही. भावाच्या हातचा टाका तपासायचा नसतो, हेही खरंच. काल सगळ्यांसमोर मारलं होतं, आज सगळ्यांसमोर त्याचा टाका तपासायचा? गुणाजीला ते जमलं नाही. माझा भाऊ या जागी नेहमी थांबायचा आणि म्हणायचा, गुणाजी चुकला, पण चूक बघा कसली केली.

होडी गेली, वळसा पडला, दुसरा दोर किनाऱ्याला आला. गुणाजी पाण्यात शिरला आणि जाळ्याच्या मागं गेला. बाबल्या आजोनं गाणं धरलं. दोन्ही दोरांवर माणसं लागली. दोर इतके जड कधीच नव्हते. लोक हसत होते, रडत होते आणि ओढत होते.

खडकाच्या नाकावरून लुमाजीला सगळं दिसत होतं. उंचावरून पाण्याच्या आतलं दिसतं. जाळ्याच्या वळशात मासळीची काळी छाया भरलेली होती. आणि मधोमध, जिथं त्याचा तुकडा असायचा तिथून, ती छाया चुलीच्या धुरासारखी बाहेर निघत होती. लुमाजीला कड आठवली.

तो उठला. तेवढ्यात धूर थांबला. बाहेर येणारी मासळी एकदम बंद झाली. त्या जागी पाण्यावर एक डोकं होतं. गुणाजीचं. लुमाजी पाण्यात वाढला होता, त्याला सांगावं लागलं नाही. दादानं एक कड एका हातात धरली होती आणि दुसरी दुसऱ्या. छातीनं फट बुजवली होती. गावाची सगळी भूक त्याच्या दोन हातांवर आली होती.

आणि दोन्ही हात गुंतले होते. आता वर करायला हात नव्हता.

किनाऱ्यावर हात दिसत नव्हता, म्हणजे सगळं ठीक. लोक ओढत होते. ओढतील तसा भार वाढत होता आणि डोकं खाली जात होतं, वर येत होतं, खाली जात होतं. एक कड सोडली असती तर गुणाजी वाचला असता. मासळी गेली असती. त्यानं सोडली नाही.

लुमाजी खडकावरून धावला. ते खडक कालवांनी भरलेले आहेत, सुरीसारखे. त्याचे तळवे फाटले. त्या खडकांवर अजून तांबड्या रेघा आहेत आणि भरतीनं त्या पुसत नाहीत, असं म्हणतात. तो वाळूत आला आणि त्यानं दोर ओढणाऱ्यांना मागं ढकललं.

"थांबा! ओढू नकात!"

"बाजूक हो रे," एक जण म्हणाला. "काल एक थवो घालवलंस, आज आणखी एक घालवतलंस?"

"दादा पाण्यात आसा!"

"आसा मगे!" बाबल्या आजो दोर न सोडता म्हणाला. "रोजच आसता. त्येनी हात खंय वर केल्यान? तू तुझां जाळां घेवन गेलंस मां? आता आमका कित्याक अडवतंस?"

लुमाजीनं तोंड उघडलं. एकच वाक्य सांगायचं होतं. पण ते सांगायचं म्हणजे सगळ्या गावासमोर सांगायचं, की मी रीत मोडली, मी कड उघडी टाकली. ते वाक्य ओठांवर आलं आणि तिथं अडकलं. जन्मात कधी न थांबलेला लुमाजी त्या वेळी थांबला. दोर दोनचार हात आणखी आत आला. तेवढाच.

मग तो ओरडला, "कड उघडी आसा! मी शिवूक नाय! दादान धरल्यान हा!"

गाणं तुटलं. दोर हातातून गळले.

लुमाजी पाण्यात होता तेव्हा कुणाला कळलंही नाही तो कधी गेला. तो पोचला. गुणाजी फटीत होता, दोन्ही हात पसरलेले, बोटं जाळ्याच्या भोकांत घट्ट रुतलेली. पाणी त्याच्या डोक्यावरून शांतपणे जात होतं. लुमाजीनं त्याला हलवलं, हाका मारल्या, बोटं ओढली. सुटेनात. मग त्यानं स्वतःचा हात वर केला आणि हळू ओढा म्हणून खूण केली, कारण गुणाजी आता जाळ्याबरोबरच येणार होता.

लोकांनी जाळं ओढलं. गाणं न म्हणता. पाटवेळला रापण मुकाट्यानं आली ती तेव्हा एकदाच.

वाळूवर मासळीचा डोंगर झाला. त्या फटीतून नंतर एकही मासा गेला नव्हता. पण मासळीकडे कुणी बघेना. सगळे गुणाजीच्या हातांपाशी. एकानं बोटं सोडवून पाहिली, दुसऱ्यानं पाहिली. तेल लावून पाहिलं. बोटं सुटत नव्हती. कुणीतरी म्हणालं, जाळं कापूया. सुंदरावयनी म्हणाली, "कापू नकात. जां धरल्यान तां कापू नकात."

तेव्हा लुमाजी बसला. कुणीतरी त्याला सुई दिली. त्यानं दोन्ही कडा जवळ आणल्या आणि भावाच्या दोन हातांच्या मधून टाके घालायला सुरुवात केली. घाई केली नाही. एक टाका, गाठ. एक टाका, गाठ. गुणाजी धरून होता आणि लुमाजी शिवत होता, नेहमीसारखं. वरपासून खालपर्यंत कड शिवून झाली. शेवटची गाठ पडली तशी गुणाजीची बोटं आपोआप सैल झाली आणि हात वाळूवर आले.

असं म्हणतात. आणि हे मी खरं मानतो.

मासळी तशीच पडून होती. ती घ्यायची कशी, हे कुणाला कळेना. बाबल्या आजो तर लहान मुलासारखा रडत होता. सुंदरावयनी उठली, तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "वाटो घाला."

"कसो घालू गो, बाय?"

"मगे त्येनी धरल्यान कित्याक? कुजवूक? पोरां उपाशी आसत. घाला वाटो."

वाटे घातले. प्रत्येक घराला टोपल्या गेल्या. शेजारच्या गावांतून माणसं आली, त्यांनाही दिली. मासळी सरेना. मिठात घातली, उन्हात वाळवली, आणि पुढचं भात येईपर्यंत त्या गावात कुणाची चूल विझली नाही. असं म्हणतात.

गुणाजीचा वाटा वयनीनं उचलला आणि लुमाजीच्या समोर ठेवला. ती शिव्या घालेल म्हणून तो उभा होता. घालाव्यात असं त्याला वाटत होतं. तिनं घातल्या नाहीत. "भावजी, काल तुमचां ताट झाकून ठेवलंय. घराक चला," एवढंच म्हणाली.

लुमाजीनं आपला कापून नेलेला तुकडा आणला आणि भावाच्या अंगावर पांघरला. तो तुकडा गुणाजीबरोबर गेला. पुन्हा तुकडा विणून लुमाजीनं रापणीत जोडला नाही. त्यानं शिवलेली कड तशीच राहिली, आजोच्या तुकड्याला गुणाजीचा तुकडा लागलेला. जाळं जुनं झालं, सगळ्या जाळ्याचं सूत बदललं, पण त्या कडेचे टाके कधी कुजले नाहीत. लोक तिला गुणाजीची कड म्हणत.

रापण काही बंद ठेवता येत नाही. दिवस गेले आणि पुन्हा जाळं पाण्यात गेलं. मागून पोहायला कोण जाणार? लुमाजी काही न विचारता पाण्यात शिरला. जाळ्याच्या मागं गेला. दोर किनाऱ्यावर तयार होते. हात वर दिसत नव्हता, म्हणजे ओढायचं. पण कुणाचेही हात हलेनात. आता त्या खुणेवर विश्वास कोण ठेवणार? सगळे दोर धरून उभे, पाण्याकडे बघत. जाळ्यातून मासळी निसटत होती तरी कुणी ओढेना.

बाबल्या आजोला लुमाजीला हाक मारायची होती. पण इतकी वर्षं पाण्यातल्या माणसाचं एकच नाव त्याच्या तोंडात होतं. तो ओरडला, "गुणाजीऽऽ!"

म्हाताऱ्यानं जीभ चावली. वयनी तिथंच दोरावर होती. कुणी तिच्याकडे बघितलं नाही.

थोडा वेळ काही नाही. नुसत्या लाटा.

मग पाण्यातून लुमाजीनं उत्तर दिलं. "ओढा!"

त्या दिवसापासून लुमाजी पाण्यात असताना भावाच्या नावानं बोलावला जाऊ लागला. वाळूवर तो लुमाजी. पाण्यात गुणाजी. त्याला कुणी तसं सांगितलं नाही आणि त्यानं कधी नको म्हटलं नाही. त्यानं लग्न केलं नाही. वयनीच्या मुलांना त्यानं पोहायला शिकवलं, पाठीवर घेऊन. बुडी मात्र मारायचा नाही.

तो फार म्हातारा झाला तरी जाळ्यामागं जायचा. त्याचा आवाज बसला होता, हातभरावर बसलेल्या माणसालाही नीट ऐकू जायचा नाही. तरी किनाऱ्यावरून हाक गेली की "ओढा!" ऐकू यायचं. स्पष्ट, भरलेल्या छातीचा, तरण्या माणसाचा आवाज. तो लुमाजीचा नव्हता, असं म्हणतात. तो आवाज ओळखणारे काही जण तेव्हा हयात होते आणि त्यांनी डोळे पुसून दोर ओढला.

पुढं एका सकाळी त्या आवाजानं "ओढा" म्हटलं, लोकांनी जाळं ओढलं आणि मागं लुमाजी नव्हता. शोधला. सापडला नाही. वयनी तेव्हा खूप थकली होती. ती म्हणाली, "शोधू नकात. कोणीतरी न्हेवक इलो होतो. एकदाचो इलो."

आता पाटवेळची रापण नायलॉनची आहे. दोरावर अर्धे आम्ही असतो आणि अर्धे सुट्टीला आलेले लोक, मोबाईल काढून फोटो घेणारे. पण गावात दोन भाऊ भांडले आणि एक तणतणत घराबाहेर निघाला, की आई दारातून ओरडते, "जातंस तर जा, पण कड शिवन जा!" मग तो परत येतो आणि काहीतरी एक काम करून जातो. पाण्याची कळशी भरून ठेवतो, गुरं बांधतो. न बोलता, पण करतो.

आणि रापण अर्धी आत आली की दोन्ही दोर थांबतात. पाण्यात कुणीही असो, त्याचं नाव काहीही असो, सगळा गाव एका आवाजात हाक मारतो, "गुणाजीऽऽ!" आणि गप्प होतो. त्या वेळात मासळी जाळ्याखालून निसटते. कधी पुष्कळ निसटते. पाहुणे विचारतात, "अहो, चालली ना मासळी, ओढत का नाही?" आम्ही दोर धरून पाण्याकडे बघत उभे राहतो, आणि माणसाचा आवाज येईपर्यंत ओढत नाही.